कोल्हापूरच्या गच्चीवरून २९.६ मेगाहर्ट्झ

हौशी रेडिओ म्हणजे परवाना घेऊन, छंद म्हणून संचावरून एकमेकांशी बोलणे. त्यातला दहा मीटर तरंगलांबीचा पट्टा २८ ते २९.७ मेगाहर्ट्झ एवढा आहे. त्यावरची बरीचशी वर्दळ मोर्स, एसएसबी (कमी रुंदीत आवाज पाठवण्याची पद्धत) आणि अलीकडे संगणकाच्या साहाय्याने चालणाऱ्या डिजिटल पद्धतींची असून ती खालच्या भागात असते. एफएमच्या वाट्याला आलेली जागा अगदी वरच्या टोकाला, २९.५ मेगाहर्ट्झच्या पुढे आहे. तिच्यात २९.६०० ही जगभर हाक देण्यासाठी वापरली जाणारी वारंवारता. तिच्या वर, २९.६२० पासून २९.६८० पर्यंत, रिपीटर, म्हणजे ऐकलेले बोलणे दुसऱ्या वारंवारतेवर पुन्हा प्रक्षेपित करणारी केंद्रे, बोलतात आणि त्यांना ऐकू जावे म्हणून आपण त्यांच्या १०० किलोहर्ट्झ खाली बोलायचे असते. २९.३०० ते २९.५१० हा भाग उपग्रहांकडून येणाऱ्या संकेतांसाठी सोडलेला आहे. १९७४ साली सोडलेला ऑस्कर-७ हा उपग्रह बॅटरी निकामी झाल्यामुळे १९८१ मध्ये मुका झाला होता. २००२ मध्ये तो पुन्हा बोलू लागला आणि त्यानंतर सौरपट्ट्यांवर ऊन असेल तेवढा वेळ तो याच भागात ऐकू येत आला आहे. म्हणून हा भाग कितीही रिकामा वाटला तरी तेथे एफएमची वाहक लहर (आवाज जिच्यावर स्वार होतो ती मूळ लहर) सोडणे असभ्यपणाचे समजले जाते.

ही मांडणी मला पुस्तकातून पाठ होती. परवाना जनरल श्रेणीचा होता, टेबलावर एचएफ (तीस मेगाहर्ट्झपर्यंतच्या लघुलहरींचा) संच होता आणि चौदा मेगाहर्ट्झवर एसएसबीने बोलण्याची सवयही होती. तरीही दहा मीटरच्या एफएमकडे मी वळले ते दोन कारणे एकाच वेळी जुळून आल्यामुळे. डिसेंबर २०१९ मध्ये सुरू झालेले पंचविसावे सौरचक्र कमाल टप्प्यात पोहोचल्याचे नासा आणि नोआ या अमेरिकन संस्थांनी ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर केले. दहा मीटरचा पट्टा सूर्यावर डाग भरपूर असतानाच लांबवर जातो आणि असा काळ साधारण अकरा वर्षांनी येतो. तो वाया घालवला तर पुढच्या खेपेला माझी निवृत्ती जवळ आलेली असणार, हा हिशेब सोपा होता. दुसरे कारण म्हणजे आमच्या हौशी रेडिओ गटातले इचलकरंजीचे काका. पोलीस वायरलेसमधून निवृत्त झालेल्या या काकांकडे यासू कंपनीचा एफटी-८९०० हा चार पट्ट्यांचा एफएम संच पडून होता. तो मूळचा गाडीत बसवायचा संच. २९ मेगाहर्ट्झवर ५० वॅट देतो आणि एफएमखेरीज दुसरे काही करत नाही. माझा एचएफ संचही एफएम करू शकतो, मग वेगळा संच कशाला, असे मी विचारले तेव्हा काका म्हणाले, "एफएममध्ये तू गप्प बसलीस तरी वाहक लहर पूर्ण ताकदीनं चालूच असते. शंभर वॅटचा संच त्यात तापतो. तो ऐकायला ठेव आणि बोलायला हा घे." हा सल्ला फार उपयोगी पडला, कारण पुढे दोन संच शेजारी शेजारी चालवण्यावरच माझे सगळे काम उभे राहिले.

अँटेनावर मी सर्वांत जास्त वेळ घालवला आणि तो घालवावा असेच माझे मत आहे. २९.६ मेगाहर्ट्झची तरंगलांबी १०.१३ मीटर भरते. तिच्या पावपट उंचीचा उभा दांडा, धातूच्या दांड्यासाठी नेहमी धरली जाणारी सुमारे पाच टक्क्यांची घट वजा केली, की २.४१ मीटरचा होतो. त्याच्या तळाशी तेवढ्याच लांबीचे चार दांडे जमिनीकडे पंचेचाळीस अंशांनी झुकवले की ग्राउंड प्लेन अँटेना तयार होते आणि तिचा रोध केबलच्या पन्नास ओहमच्या जवळ येतो, त्यामुळे मध्ये जुळवणीचे वेगळे मंडल लागत नाही. आडव्या डायपोलऐवजी (दोन सरळ भुजांच्या अँटेनाऐवजी) उभी अँटेना निवडण्याचे कारण असे, की ती सर्व दिशांना सारखी ऐकते, गच्चीवर जागा कमी खाते आणि गाड्यांवरच्या उभ्या अँटेनांशी तिचे ध्रुवीकरण (लहरीच्या कंपनाची दिशा) जुळते. तिला गोंगाट अधिक येतो हेही खरे. त्याविषयी पुढे येईलच.

कोल्हापुरात अशी वस्तू बाहेरून मागवण्याची गरज नसते, कारण येथे लेथ आणि कारखान्यांचे शिवाजी उद्यमनगर आहे. मी कागदावर आकृती घेऊन ओळखीच्या एका लेथवाल्या मामांकडे गेले. पाऊण इंची ॲल्युमिनियमच्या पाइपात पाच अष्टमांश इंची पाइप सरकवून लांबी कमीजास्त करता यावी, तळाला नायलॉनचा रॉड कातून विद्युतरोधक बुश करावा आणि तो जीआय पाइपाच्या डोक्यावर बसावा, एवढी माझी मागणी होती. मामांनी आकृती उलटीसुलटी करून पाहिली आणि म्हणाले, "ताई, ह्यो पाइप नुसता बुशात ठोकला तर वाऱ्यात हलून हलून भोक मोठं व्हतंय. खाली सहा इंच आतनं भरीव रॉड देऊया, मग हाय न्हवं पन्नास वर्सं." त्यांनी खरोखर आतून भरीव रॉड दिला, चार झुकत्या दांड्यांसाठी पितळी चकतीला आटे पाडून दिले आणि पाइप जेथे एकमेकांत सरकतो तेथे उभी चीर पाडून क्लिप बसवली. अँटेना कशासाठी आहे हे त्यांनी एकदाच विचारले. हिंदी महासागरातल्या रीयुनियन बेटापर्यंत बोलायचे आहे म्हटल्यावर, मधे मोबाइल टॉवर लागतो का, एवढी शंका काढून ते पुढच्या कामाला लागले.

वीस फुटी जीआय पाइप सोसायटीच्या पाण्याच्या टाकीला यू-बोल्टने आवळला आणि तीन बाजूंनी नायलॉनच्या दोरीचे तणावे दिले. तणाव्यांना तार वापरली नाही, कारण दहा मीटरच्या पट्ट्यात दोन-अडीच मीटरची कोणतीही तार स्वतःच अँटेनासारखी वागू लागते. केबलच्या बाबतीत मात्र काटकसर टाळली. बाजारात सहज मिळणाऱ्या आरजी-५८ केबलच्या वीस मीटर लांबीत तीस मेगाहर्ट्झच्या आसपास दीड डेसिबेलहून अधिक घट होते, म्हणजे जवळपास एकतृतीयांश शक्ती केबलमध्येच उष्णता होऊन जाते. जाड आरजी-२१३ मध्ये हीच घट निम्म्याहून कमी होते. एसएसबीवर एका डेसिबेलचा फरक कानाला कळतही नाही. एफएमवर तो का कळतो, हे मला केबल घेताना माहीत होते, पण त्याची खरी किंमत नंतर प्रत्यक्ष ऐकताना समजली.

जुळवणी फार सोपी निघाली. खिशात मावणारे नॅनोव्हीएनए हे अँटेना तपासण्याचे यंत्र केबलला जोडले, वरचा पाइप दोन बोटे आत सरकवला आणि २९.६ ला एसडब्ल्यूआर (अँटेनाची जुळवणी किती चांगली आहे याचे माप; एक म्हणजे अचूक) १.२ च्या खाली आला. अँटेनाच्या तळाशी केबलचे काही वेटोळे करून ठेवले, म्हणजे केबलच्या बाहेरच्या पृष्ठभागावरून प्रवाह घरात येत नाही. जोडाला आपोआप चिकटणारी रबरी टेप गुंडाळली. कोल्हापूरच्या पावसाळ्यात उघडा जोड टिकत नाही आणि एकदा पाणी केबलच्या जाळीत शिरले की ती केबल भंगारातच जाते.

पहिले संपर्क जवळचेच केले आणि नव्या माणसाने तेथूनच सुरुवात करावी. त्यामागे आमच्या गटाचा एक जुना हेतूही होता. २०१९ च्या ऑगस्टमधील महापुरात पुणे–बेंगळुरू महामार्ग शिरोलीजवळ पाण्याखाली गेला होता आणि शहर कित्येक दिवस तुटले होते. तेव्हापासून रिपीटरविना, थेट संचाहून संचाकडे, इचलकरंजी, सांगली आणि निपाणी कितपत गाठता येतात याची आम्ही वेगवेगळ्या पट्ट्यांवर चाचणी घेत आलो आहोत. १४५ मेगाहर्ट्झच्या मानाने २९ मेगाहर्ट्झची लहर उंचवट्यांना अधिक सहजपणे वळसा घालते, हे यात लगेच दिसून आले. काकांची अँटेना आडवा डायपोल होती. उभी आणि आडवी अँटेना यांच्यात सिद्धांताने वीस डेसिबेल किंवा त्याहून अधिक तूट पडू शकते, म्हणून आम्ही ठरवून दोन्ही तऱ्हांनी मोजणी केली. आडव्या डायपोलवर त्यांचा आवाज खरखरीतून जेमतेम वर येत होता. त्यांनी नातवाला गच्चीवर पाठवून तोच डायपोल बांबूला उभा बांधून घेतला, तेव्हा खरखर एकदम नाहीशी झाली आणि त्यांच्या घरातल्या पंख्याचा आवाजही माझ्या स्पीकरमधून येऊ लागला.

हे जे एकदम नाहीसे होणे आहे, तोच एफएमचा स्वभाव. पाच किलोहर्ट्झ विचलन (वारंवारतेची मागेपुढे हालचाल) असलेला एफएम आवाज सुमारे सोळा किलोहर्ट्झ रुंदी व्यापतो, तर एसएसबीला अडीच किलोहर्ट्झही पुरतात. म्हणजे एफएम संच सहा-सातपट रुंदीतला गोंगाट आत घेतो. संकेत या गोंगाटाच्या एका विशिष्ट मर्यादेवर असेल तर आवाज स्वच्छ येतो, त्या मर्यादेखाली गेला तर शब्द झपाट्याने बुडतात. एसएसबीवर क्षीण आवाज कान टवकारून ऐकता येतो, अंदाजाने पुरा करता येतो. एफएममध्ये ती सवड फार थोडी असते. केबलमधल्या एका डेसिबेलला येथे किंमत येते ती यामुळे.

त्यात भर म्हणून स्क्वेल्च असतो. पुरेसा संकेत नसेल तर स्पीकर बंद ठेवणारे हे मंडल गाडीत किंवा कार्यालयात सोयीचे असते, परंतु दहा मीटरवर दूरचे केंद्र शोधणाऱ्याची ते पुरती दिशाभूल करते. स्क्वेल्च मिटलेला असला की संच शांत राहतो आणि पट्टा बंद आहे असे वाटते. वास्तविक मर्यादेच्या किंचित खाली कोणीतरी बोलत असते आणि दहा मिनिटांनी त्याच माणसाचा आवाज भरभरून येणार असतो. या पट्ट्यावर ज्यांना कोणीच भेटत नाही अशांपैकी बरेच जण मिटलेल्या स्क्वेल्चवर विसंबून असतात, असे माझे अनुभवाअंती झालेले मत आहे. मी तो पूर्ण उघडा ठेवते, आवाज कमी करते आणि अखंड खरखर सोबतीला घेऊन उत्तरपत्रिका तपासते. खरखरीचा पोत किंचित जरी बदलला तरी कानाला कळते, कारण वाहक लहर येऊ लागली की आधी खरखर पातळ होते आणि मग शब्द येतात. घरच्यांना हे आवडते असे म्हणता येणार नाही.

उघडा स्क्वेल्च सहन होण्यासाठी आधी आपल्या इमारतीचा गोंगाट कमी करावा लागतो. संध्याकाळी ठरावीक वेळी खरखर अचानक जाड होत असे, म्हणून मी एचएफ संच बॅटरीवर लावून एकेक मजल्याचा वीजपुरवठा बंद करवून पाहिला. दोषी निघाला जिन्यातल्या नव्या एलईडी दिव्यांचा स्वस्त ड्रायव्हर. त्याच्या तारांवर गोंगाट अडवणाऱ्या फेराइटच्या कड्या बसवल्यावर त्रास बराच उतरला. सोसायटीच्या अध्यक्षांना या सगळ्याचे प्रयोजन पटवण्यात मात्र तारा शोधण्यापेक्षा अधिक वेळ गेला.

पट्टा खरोखर उघडा आहे का, हे ठरवण्यासाठी माझ्याजवळ एक खात्रीचे साधन होते आणि त्यासाठीच एचएफ संच मोकळा ठेवला होता. २८.२०० मेगाहर्ट्झवर जगभरातील अठरा बीकन केंद्रे (ठरावीक वेळी आपोआप चाचणी-संकेत पाठवणारी केंद्रे) पाळीपाळीने बोलतात. प्रत्येकाला दहा सेकंद मिळतात आणि तीन मिनिटांत फेरा पुरा होतो. केंद्र मोर्समध्ये आपले संकेतचिन्ह आणि पहिला लांब सूर शंभर वॅटने पाठवते, मग दहा वॅट, एक वॅट आणि शेवटी एक दशांश वॅटने एकेक सूर पाठवते. श्रीलंका, केनिया, दक्षिण आफ्रिका, पश्चिम ऑस्ट्रेलिया, जपान, हाँगकाँग, इस्रायल, फिनलंड अशी ही केंद्रे विखुरलेली असल्याने तीन मिनिटांत कोणत्या दिशेची वाट मोकळी आहे हे समजते, आणि शेवटचे सूर मोजले की ती किती मोकळी आहे हेही कळते. माझ्यापुरता मी एक ठोकताळा बसवला आहे. बीकनचा शंभर वॅटचा सूरच ऐकू येत असेल तर एफएमचा नाद सोडून एसएसबीवर जावे. एक वॅटचा सूर स्पष्ट असेल तर ५० वॅटच्या एफएमला त्या दिशेला नक्की संधी आहे. यात भर म्हणजे, श्रीलंकेचे केंद्र आपल्यापासून साडेबाराशे किलोमीटरच्या आसपास आहे. एवढ्या जवळचे केंद्र एफ-२ थरावरून, म्हणजे लहरी जमिनीकडे परत पाठवणाऱ्या आयनांबराच्या (वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित भागाच्या) उंच थरावरून, परत येऊन ऐकू येत असेल तर थराची घनता फारच चांगली आहे आणि लांबचे मार्ग आणखी सहज चालणार, असे समजायला हरकत नाही. बहुतेक दुपारी मात्र ते ऐकू येत नाही. त्याच कारणाने दिल्लीचा माणूस आपल्याला दहा मीटरवर सहसा भेटत नाही आणि जपानचा भेटतो. दिल्ली त्या वेळी लहरीच्या उडीखाली, म्हणजे ती वरून परत जमिनीवर उतरण्याआधीच्या पट्ट्यात, झाकलेली असते.

कोल्हापूरच्या जागेचा एक फायदा येथे सांगितला पाहिजे. चुंबकीय विषुववृत्त भारतात तमिळनाडूच्या दक्षिण टोकाजवळून जाते. दिवसा तेथील आयनांबरातील विद्युतभारित कण विद्युतक्षेत्रामुळे वर उचलले जातात आणि चुंबकीय बलरेषांवरून दोन्ही बाजूंना घसरत खाली येतात. त्यामुळे विषुववृत्ताच्या उत्तरेस आणि दक्षिणेस घनदाट पट्टे तयार होतात. दक्षिणेकडे हिंदी महासागरावरून जाणारा आपला मार्ग या घनदाट भागातून जातो आणि दुपार उलटल्यापासून सूर्यास्तापर्यंत तो फार बळकट असतो. सूर्यास्तानंतर याच थरात कमी घनतेचे बुडबुडे उठतात आणि संकेत थरथरू लागतो. शिवाजी विद्यापीठाच्या परिसरात भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे रडार आहे आणि रात्रीच्या आकाशदीप्तीवरून या बुडबुड्यांचा अभ्यासही कोल्हापूरहून झालेला आहे. आपल्या स्पीकरमध्ये जे फडफडते त्याचा शोध शहराच्या दुसऱ्या टोकाला शास्त्रीय पद्धतीने घेतला जातो, याची मला गंमत वाटते.

लांबचा पहिला संपर्क त्याच दक्षिणेच्या वाटेवर झाला. ऑक्टोबरातली संध्याकाळ होती, साडेपाचचा सुमार, म्हणजे जागतिक वेळेनुसार दुपारचे बारा. प्रिटोरियाच्या बीकनचा एक वॅटचा सूर स्वच्छ येत होता. २९.६०० वर खरखर पातळ झाली, पुन्हा जाड झाली आणि मग फ्रेंच वळणाच्या इंग्रजीत कोणीतरी हाक देत असल्याचे ऐकू आले. संकेतचिन्ह एफआरने सुरू होत होते, म्हणजे रीयुनियन. मी त्याची हाक संपू दिली, एक श्वास थांबले आणि माझे पूर्ण संकेतचिन्ह ध्वनिवर्णमालेत दोनदा सांगितले. उत्तर आले तेव्हा खरखर पूर्णपणे गेली होती. समोरचा माणूस याच खोलीत बोलत असावा इतका आवाज स्वच्छ होता. अंतर साधारण ४६०० किलोमीटर. आम्ही एकमेकांना ५९ (स्पष्ट आणि जोरदार ऐकू येत असल्याचा अहवाल) दिले, त्याने गावाचे नाव विचारले आणि मी किलो, ऑस्कर, लिमा, हॉटेल, अल्फा, पापा, युनिफॉर्म, रोमिओ असे सांगितल्यावर त्याने ते अचूक परत म्हणून दाखवले. मी वापरत असलेली शक्ती त्याला पन्नास वॅट सांगितली, तेव्हा त्याने पाच वॅटवर उतरून पाहायला सुचवले. पाच वॅटवरही त्याला मी तितकीच स्वच्छ ऐकू येत होते. मर्यादेच्या वर असाल तर पाच वॅट आणि पन्नास वॅट यांत एफएमच्या आवाजात फरक पडत नाही, हे पुस्तकातले वाक्य तेव्हा माझ्या बाबतीत खरे झाले.

संभाषण चालू असतानाच एफएमचे दुसरे वैशिष्ट्यही समोर आले. त्याचे एक वाक्य अर्ध्यावर तुटले आणि त्या जागी पूर्ण वेगळा, अधिक भारदस्त आवाज आला; काही क्षणांनी तो गेला आणि पहिला माणूस पुढचे बोलत होता. एसएसबीवर दोन केंद्रे एकाच वेळी बोलली तर दोन्ही एकमेकांत मिसळून ऐकू येतात. एफएमचा ग्राहक मात्र दोहोंपैकी बळकट संकेत पकडतो आणि दुसऱ्याला जवळजवळ पुसून टाकतो. आपल्याला ज्याचा आवाज आला त्याच्याखाली आणखी कोण दबले आहे, हे आपल्याला कळत नाही. म्हणून येथे शिस्त निराळी लागते. समोरच्याचे बोलणे संपल्यावर लगेच बटण दाबायचे नाही. दोन-तीन सेकंद मोकळी ठेवायची, कारण तेवढ्यातच दबलेला तिसरा माणूस आपले नाव सांगू शकतो. वाक्ये लहान ठेवायची. संपर्क जुळला की २९.६०० सोडून दुसऱ्या मोकळ्या जागी जायचे, कारण हाकेची जागा अडवून गप्पा मारल्या तर अर्ध्या जगाची वाट बंद होते. तो दुसरा भारदस्त आवाज नंतर मॉरिशसचा निघाला आणि सेकंदांच्या त्या मोकळ्या जागेमुळेच तोही लॉगमध्ये आला. त्याने मला 'वायएल' म्हणून हाक मारली. हौशी मंडळींत स्त्री कोणत्याही वयाची असली तरी तिला तरुणीच म्हणतात. पन्नाशी जवळ आलेल्या प्राध्यापिकेने त्याला हरकत घेण्याचे कारण नाही.

पुढील महिन्यांत दिवसाचा क्रम बसत गेला. सकाळी नऊ ते अकराच्या दरम्यान पूर्वेकडची वाट उघडते. त्या वेळी जपान, इंडोनेशिया आणि पश्चिम ऑस्ट्रेलिया येतात. महाविद्यालयाच्या वेळेमुळे ही वाट मला फक्त रविवारी मिळते. जपानी मंडळी एफएमवर फार असतात आणि फार नेमकी असतात. संकेतचिन्ह, अहवाल, आभार, संपले. दुपारी दोननंतर पश्चिम आशिया आणि रशिया, त्यापाठोपाठ युरोप. युरोपच्या बाजूला गर्दी दाट असल्याने २९.६०० वर एकावर एक पडणाऱ्या केंद्रांचा गुंता होतो आणि तेथे उभी, सर्व दिशांना ऐकणारी अँटेना उणी पडते. ज्यांच्याकडे एका दिशेला रोखून फिरवता येणारी यागी अँटेना आहे ते माझ्यावरून सहज निघून जातात. याच वेळी पट्ट्याच्या खालच्या भागात कोठल्या तरी शहरातल्या टॅक्सींचे एफएमवरचे बोलणेही ऐकू येते. पट्टा हौशींचा असूनही असे घुसखोर त्यात आहेत. त्यांना उत्तर देऊ नये, वाद घालू नये, वारंवारता आणि वेळ टिपून ठेवावी, इतकेच आपल्या हातात असते.

पट्टा उघडण्याच्या आणि मिटण्याच्या वेळी संकेत बळकट असूनही शब्द फाटतात. एकच लहर दोन वेगळ्या लांबीच्या वाटांनी पोहोचली की दोन्हींच्या कलांची (लहरींच्या चढउतारांच्या टप्प्यांची) बेरीज-वजाबाकी सतत बदलते आणि एफएममध्ये तो बदल थेट आवाजात उतरतो. मीटरची सुई भरलेली आणि बोलणे अगम्य, अशी ती अवस्था असते. तेव्हा शक्ती वाढवून काहीच साधत नाही. थांबायचे, दोनपैकी एक वाट क्षीण झाली की आवाज आपोआप जुळून येतो. सूर्यास्तानंतरच्या फडफडीला मात्र असा उपाय नाही. दक्षिणेचा संपर्क सातच्या आधी उरकावा, हे मी त्यावरून ठरवले आहे.

रिपीटरांचा अनुभव मिश्र आहे. हिवाळ्यात संध्याकाळी २९.६२० आणि २९.६४० वर दूरचे रिपीटर बोलताना ऐकू आले, पण ऐकू येणे आणि त्यांना उघडता येणे यांत अंतर आहे. एकाच जोडीवर जगात अनेक रिपीटर असल्याने बहुतेकांनी कानाला न जाणवणाऱ्या खालच्या सुराची अट घातलेली असते. तो सूर आपल्या संचात बसवला नसेल तर रिपीटर ऐकूनही दुर्लक्ष करतो. सूर माहीत नसताना नुसते बटण दाबून दाबून पाहणारे लोक पुष्कळ आहेत. मला ते पटत नाही, कारण आपले संकेतचिन्ह न सांगता लहर सोडणे नियमाविरुद्ध आहे आणि एका लहरीने दोन खंडांतले दोन रिपीटर एकाच वेळी उघडू शकतात. युरोपातील एका रिपीटरवर मी सूर बसवून एकदा बोलले. संपर्क झाला, परंतु मधल्या यंत्राने निम्मे काम केल्यासारखे वाटून मला त्यात फारसा रस उरला नाही.

संपर्कांची नोंद जागतिक वेळेत ठेवते आणि पुष्टी संगणकावरून होते. कागदी क्यूएसएल कार्ड (संपर्काच्या पुष्टीचे कार्ड) मागणाऱ्यांना ते भारतीय हौशी रेडिओ संघटनेच्या ब्यूरोमार्फत जाते. एप्रिल-मे मध्ये वळवाची चाहूल लागली की संध्याकाळी केबल संचातून काढून खिडकीबाहेर ठेवते, मग पट्टा कितीही चांगला असो. त्याच सुमारास एफ-२ थर दुपारी ढेपाळतो आणि कधी कधी त्याखालच्या ई थरात अचानक घनदाट ढग तयार होतात. तेव्हा एरवी उडीखाली झाकलेले देशातलेच केंद्र तासभर मोठ्याने ऐकू येते. गेल्या उन्हाळ्यात दिल्लीच्या एका केंद्राशी झालेला एकमेव एफएम संपर्क असाच होता.

काकांच्या मनात आता पन्हाळ्यावर दहा मीटरचा रिपीटर बसवायचे घोळते आहे. पन्हाळा शहरापासून वीस किलोमीटर आणि उंची भरपूर, म्हणून कल्पना मोहक आहे. अडचण आहे ती १०० किलोहर्ट्झच्या अंतराची. २९.६ च्या मानाने हे अंतर एक टक्क्याच्या तिसऱ्या हिश्श्याएवढे आहे. एकाच जागी बोलणारा आणि ऐकणारा संच ठेवला तर बोलणारा ऐकणाऱ्याला बहिरा करतो आणि दोहोंना वेगळे ठेवणारी पोकळीची गाळणी या वारंवारतेवर कपाटाएवढी होते. त्यामुळे ग्राहक पन्हाळ्यावर, प्रक्षेपक शहरात आणि दोहोंमध्ये ४३४ मेगाहर्ट्झचा दुवा, अशी दोन जागांची मांडणी करावी लागेल आणि तिला दूरसंचार विभागाच्या वायरलेस शाखेची स्वतंत्र परवानगी लागेल. माझे मत आधी दोन्ही जागांवर साध्या ग्राउंड प्लेन अँटेना लावून थेट संपर्काची मोजणी करावी असे आहे, आणि लेथवाल्या मामांकडे तशा आणखी दोन अँटेनांचे काम दिलेले आहे.